शेजारच्या बाईंचा प्रश्न

मुलांनो, आजोबांचं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक तुमच्या घरी आहे आणि तुमच्यापैकी कोणीही ते उघडलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. रागावत नाही. मध्ययुगातल्या इंग्लंडमधली शहरं आपले पडके तट कोणाच्या पैशानं दुरुस्त करायची, हे वाचायला कोणाला सवड आहे? पण त्यातल्या एका प्रकरणापायी मी जपानात, त्सुकुबा शहरात एक अख्खा हिवाळा जळत काढला. ते मात्र तुम्हाला सांगायचं आहे.

मोठ्या भूकंपाला वर्ष होऊन गेलं होतं. आम्ही तुमच्या आईकडे मुक्कामाला होतो. ती सकाळी सायकलवरून तिच्या संशोधन संस्थेत जायची, जाताना तुम्हाला पाळणाघरात सोडायची, आणि आजोबा जेवणाच्या टेबलावर पुस्तक लिहायचे. लग्नापासून आमची एक पद्धत होती. ते लिहिणार, मी वाचून समासात पेन्सिलीनं शंका काढणार, त्यांनी सुधारलं की मी टाइप करणार. मीही इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. त्यांचं लिहिलेलं सगळ्यांत आधी माझ्या हातात यायचं. संसारात बाकी कशाचा मला एवढा अभिमान नव्हता.

शेजारच्या बाईंची ओळख कचऱ्यापायी झाली. आजोबांनी झाकणासकट बाटली भलत्याच पिशवीत टाकली. बाईंनी हसत हसत, अतिशय नेमक्या इंग्रजीत, झाकण वेगळं आणि बाटली वेगळी हे समजावलं. त्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्या दिवसापासून आजोबा बाटल्या धुऊन, झाकणं काढून ठेवायला लागले. मी इतकी वर्षं ताट उचलून ठेवा म्हणत होते, ते कधी जमलं नव्हतं.

बाईंचं माहेर उत्तरेला, किल्ल्याच्या गावात. भूकंपात किल्ल्याचा दगडी तट ढासळला होता आणि सरकारी मदतीनं तो परत रचायचं काम चाललं होतं. प्रत्येक दगडावर आकडा घालून ते शेतात मांडून ठेवले होते. तो फोटो बाईंनी दाखवला आणि आजोबांना आनंदानं काही सुचेना. मग त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. येताना तिकडची टोमॅटोसारखी दिसणारी, 'काकी' नावाची गोड केशरी फळं आणायच्या, तीही सोलून, फोडी करून. आजोबा त्या दिवशी राखाडी स्वेटर घालायचे.

"आई, तू चक्क जळतेयस?" तुमची आई स्वयंपाकघरात कुजबुजली.

"मी कशाला जळू? चहा गाळतेय."

"केव्हाची गाळतेयस!"

एका दुपारी मी तुम्हाला घेऊन बागेतून आले, तर आजोबा बाईंना नवं प्रकरण वाचून दाखवत होते. मी न पाहिलेलं. मी तुमचे बूट काढायला दारातच बसले आणि ऐकत राहिले.

प्रकरण राजाच्या मदतीविषयी होतं. तट पडला की शहर राजाकडे अर्ज करायचं. राजा स्वतःच्या तिजोरीतून क्वचितच काही द्यायचा. कधी शहराच्या वार्षिक देण्यात सूट द्यायचा, पण बहुतेकदा सनद द्यायचा: काही वर्षं वेशीवर येणाऱ्या मालावर जकात घ्या आणि त्यातून तट बांधा. आपल्याकडच्या जकात नाक्यासारखंच. आजोबांनी लिहिलं होतं की अशा रीतीनं राजानं शहरांना सुरक्षित केलं.

बाईंनी विचारलं, "धान्याच्या गाड्या आणणारे लोक खेड्यातले ना?"

"बहुतेक."

"जकात ते भरायचे. मग शत्रू आला की ते कुठे असायचे? तटाच्या आत की बाहेर?"

आजोबांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "हे मी कुठेच लिहिलेलं नाही."

त्या क्षणी मला बाईंचा जेवढा राग आला तेवढा त्या फळांचा किंवा स्वेटरचा कधी आला नव्हता. तो प्रश्न माझा होता! आधीच्या सगळ्या प्रकरणांत जकात हा शब्द मी टाइप केला होता आणि एकदाही गाडीवाल्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. बाई गेल्यावर मी कपबशा इतक्या जोरात धुतल्या की आजोबा दचकून म्हणाले, "हादरे बसतायत का गं?"

"तुम्हाला बसले वाटतं," मी म्हटलं.

त्यांनी प्रकरण नव्यानं लिहिलं. मला धास्ती होती की तेही पलीकडच्या दारात जाईल. पण एका सकाळी कागद माझ्यापुढे आले, वर नीट तासलेली पेन्सिल.

प्रकरण फार चांगलं झालं होतं, हे वाचताना मला अजिबात बरं वाटलं नाही. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'येथे मला एक प्रश्न पडतो.' आणि पुढे बाईंचा प्रश्न, शब्दाला शब्द.

मी पेन्सिल उचलली. ते वाक्य तसंच सोडलं असतं, तर बाई पुस्तकातून आपोआप बाहेर राहिल्या असत्या. माझंच आसन मला परत मिळालं असतं. शेवटी समासात लिहिलं, 'हा प्रश्न तुम्हाला पडलेला नाही. ज्यांना पडला त्यांचं नाव द्या.' बाईंवर माया आली म्हणून नव्हे. चुकीचं वाक्य मला टाइप करवत नाही.

लिहून झालं आणि वाटलं, माझ्या शंकांचं काय? त्याही अशाच 'मला प्रश्न पडतो' होऊन छापल्या गेल्या होत्या. मी त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, 'आणि माझंही.'

आजोबांनी चष्मा वर करून वाचलं. "अगं, तुझं नाव घालायचं म्हणजे पानोपानी घालावं लागेल."

"मग घाला पानोपानी. टाइप मीच करणार आहे."

ते हसले. मी हसले नाही. त्यांनी पेन उचललं आणि आधी बाईंचं नाव लिहायला घेतलं, तेव्हा मी म्हटलं, "अहो, क्रमानं. मी आधीपासून आहे."