टेंडरापुरती टीम लीडर

विशाखाला टीम लीडरचं पद हवं होतं. बास, एवढंच. नांदेडच्या एका सल्लागार कंपनीत ती अकरा वर्षं नळयोजनांची कामं बघत होती. भोकरकडच्या टाक्यांचे आराखडे तिचे, उन्हात साइटवर उभी तीच, अन् सरपंचाच्या शिव्या खायलाही तीच. नेमणुकीच्या पत्रावर मात्र अखेरपर्यंत 'सहायक'. टीम लीडर कोण, तर मालकाचा भाचा, ज्याला नकाशा सुलटा धरता येत न्हाई! आणि या धंद्यात पत्रावर लिहिलं तेच खरं. पुढची कंपनी तेच बघते.

म्हणून लातूरच्या कंपनीत बोलणी करताना तिनं मालकांना, संगमेश्वर सरांना, आधीच सांगितलं, "टीम लीडर म्हणून पत्र देणार असाल तरच येते."

"हाव म्याडम, केलंच समजा. आधी रुजू तर व्हा."

इथंच फसली बिचारी. नुसत्या शब्दावर नांदेडला राजीनामा देऊन लातूरला रुजू झाली. तीन आठवड्यांनी पत्र हातात पडलं: सहायक सल्लागार, ग्राह्य अनुभव पाच वर्षं.

"सर, अकराची पाच कशी झाली?"

"दुसरीकडचा अनुभव आपण अर्धाच धरतो. अन् पदनामाचं काय घेऊन बसलात? आपण समदे एका घरचेच की."

एका घरचे म्हणे! काय हा कोडगेपणा!

आठ दिवसांत एक मोठं टेंडर निघालं. त्याला टीम लीडरचा सहीचा बायोडाटा जोडायचा होता, अन् अनुभव जितका जास्त तितके गुण जास्त. कागदपत्रं बघणारी सबिहा विशाखाचाच बायोडाटा सहीला घेऊन आली. त्यावर लिहिलेलं: टीम लीडर, अनुभव चौदा वर्षं. अकरा वर्षं राबलेली बाई पत्रात पाच वर्षांची अन् टेंडरात चौदा वर्षांची!

ती तडक केबिनमध्ये गेली. "दोन्ही कागदांवर एकच लिहा, सर. टीम लीडर, अकरा वर्षं. मग लगेच सही करते."

"उद्या तीनला टेंडर बंद होतंय, अन् तुम्ही हट्ट काय करून राहिल्या?"

"मग पत्र आजच बदला."

पत्र काही बदललं न्हाई. दुसऱ्या दिवशी चार वाजता संगमेश्वर सरांनीच बोलावलं, लई खुशीत. "राहू द्या तुमची सही. मुलाखतीच्या फॉर्मवर होती, तीच स्कॅन करून लावली. टेंडर भरून झालं बी. बसा, चहा घ्या."

शी! माणसानं किती खाली जावं? विशाखाला त्या चहाच्या कपाचीसुद्धा किळस आली.

ती भांडली नाही. टेबलावर येऊन तिनं टेंडर उघडणाऱ्या कार्यालयाला मेल लिहिला: टीम लीडर म्हणून जोडलेल्या बायोडाट्यावर मी सही केलेली नाही, त्यातला अनुभवही चुकीचा आहे. खाली नाव लिहिलं. नावाखाली पदनाम लिहायची जागा आली, तिथं बोट थांबलं. 'सहायक' लिहवेना, 'टीम लीडर' तर तिला कुणी केलंच नव्हतं. जागा तशीच मोकळी सोडून तिनं मेल पाठवला अन् बॅग उचलली.

"सबिहा, माझ्या जागी जी कुणी येईल," ती म्हणाली, "तिला एवढं सांग, की पत्र हातात घेतल्याबिगर जुनी नोकरी सोडू नको."