कवच भरणारी वहिनी

माझी वहिनी कवच भरायची. अंतराळयान परत येताना हवेत शिरलं की भयंकर जाळ उठतो. तेव्हा बाहेरच्या कवचाचा थर थोडा थोडा जळून जातो, म्हणून आतली माणसं वाचतात. जळायचंच असतं त्याला, पण हळूहळू. त्या कवचावर मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी. तिच्या एकेका घरात राळेचा लगदा पिचकारीने भरायचा. हजारो घरं! त्या कामात वहिनीचा हात धरणारं कुणी नव्हतं. घरीही तेच, रिकामा कोपरा दिसला की तिच्या पोटात दुखायचं. दादा म्हणायचा, "हिच्या हाती बॅग देऊ नका, चेन तुटेल."

मी तिथेच प्रयोगशाळेत, तापलेल्या वायूच्या झोतावर कामाला. झोतासमोर नमुना धरायचा, किती झिजला ते मोजायचं. वहिनीने कवच भरलेलं यान तिघांना घेऊन वरच्या अंतराळस्थानकाला पोचलं, आणि मग कुणा शहाण्याला त्याच कवचाचा उरलेला तुकडा तपासायची आठवण झाली! आधी काय झोपा काढत होतात? तुकडा झोतात धरला आणि झिजण्याऐवजी त्याचे ढलपेच उडाले. मागचा धातू उघडा पडला.

साहेबांनी भरणाऱ्या सगळ्यांना बोलावलं. "वेगळं काही केलंत का?"

वहिनी लगेच बोलली. "मी लगद्याची नळी भरण्याआधी काखेत धरायचे. खोली थंडगार, लगदा घट्ट, मनगटं भरून यायची. ऊब लागली की सरसर उतरायचा."

साहेबांनी कपाळाला हात लावला. उबेने लगदा भरतानाच आळायला लागला होता, आणि घरांच्या बुडाशी बारीक पोकळ्या राहिल्या होत्या.

"अगं, कुणाला विचारायचंस तरी!" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"काम छान चाललंय म्हणत होते सगळे," ती म्हणाली.

मग खात्री करायला तिलाच बसवलं. तसेच तुकडे पुन्हा भर, नळी काखेत धरून. चूक हुबेहूब करायची! मला बघवेना. तेही तुकडे फुटले, एकूण एक. घरी ती ताट बाजूला सारायची. "ती माणसं माझ्यामुळे जळतील," एवढंच बोलायची. आणि तिचे तुकडे मीच जाळत होतो.

शेवटी साहेब बैठकीत उभे राहिले. "त्या यानातून कुणी खाली येणार नाही. दुसरं यान तयार आहे. ते रिकामं वर पाठवू आणि तिघांना त्यातून आणू."

लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. माझ्या जिवात जीव आला. वहिनीकडे वळून म्हणालो, "सुटलीस बाई एकदाची!"

ती टाळ्या वाजवत नव्हती. खुर्चीला धरून ती उभी राहिली.

"साहेब, त्याचं कवचही मीच भरलंय. तसंच."

साहेब खाली बसले. तिसरं यान नव्हतंच.