हिराच्या माहेरचं वेखंड

उत्रोलीहून निघालो तेव्हा पिशवीत खुरपं होतं आणि भाकरी. नातीला मुलगी झाली. आमच्या घरी बारशाला पाळण्याला ओल्या वेखंडाची कांडी (मुळाचा तुकडा) बांधतात. वास उग्र, किडामुंगी लांब राहते. ती कांडी दरवेळी हिरा आणायची, वेल्ह्याकडच्या तिच्या माहेरच्या झऱ्यावरून. हिरा माझी बायको. माघात गेली. पन्नास वर्षांच्या संसारात मी एकदाही सोबत गेलो नाही. "एका मुळीपायी दिवस घालवतेस! लाव की इथंच पाटाकडेला," म्हणायचो. ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा एसटीत बसायची.

नसरापूरला गाडी बदलली. "खुरपं घेऊन कुठं, आजोबा?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"सासरवाडीला."

अख्खी गाडी हसली.

वेल्ह्याला उतरलो तर तोरणा ढगात. स्टँडवरचा चहा म्हणजे गरम पाणी. भजी मात्र झकास, दोन प्लेटी खाल्ल्या. पुढं तासभर चाललो. हिराच्या माहेरच्या घरी न जाता थेट झरा गाठला. गेल्या गेल्या रडारड नको. पाण्यात तलवारीसारखी हिरवी पाती उभी होती. चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. अनवाणी उभा राहून मूठभर मुळं खणली.

"दाजी, म्हशीला चारा काढताय व्हय?" मागं हिराची भावजय, कळशी घेऊन.

"वेखंड आहे."

"पानकनीस हाय ते! म्हशीबी तोंड लावत न्हाईत." तिनं पलीकडचं एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं. "ह्ये घ्या वेखंड."

हिराच्या लुगड्यांचा वास. ट्रंकेत घडीत ती हेच ठेवत असणार. मला आजवर वाटायचं, तो तिचाच वास. तिथंच काठावर बसलो. भावजयीनं कळशी भरून घेतली.

मग म्हणाली, "वन्सं कांडी तोडायच्या आन् शेंडा परत चिखलात खोवायच्या. पुढच्या बाळाला लागंल म्हनायच्या."

"मग तिनं एखादा शेंडा घरी का नाही आणला?"

"घरी लावला आस्ता, तर तुमी त्यास्नी हितं यिऊ दिलं आस्तं व्हय?"

मी खुरपं उचललं आणि पलीकडचं खरं वेखंड खणलं. तिनं घरी नेऊन कुर्डूची रानभाजी वाढली, ती खाऊन निघालो.

बारसं झालं. कांडी पाळण्याला बांधताना नात म्हणाली, "आबा, शेंडा आणला असता तर इथंच लावला असता. परत जायला नको."

"विसरलो," म्हणालो.

विसरलो नव्हतो. शेंडा तिथंच खोवून आलोय.