हरलेल्याच्या घरचं भरीत

धुळ्यातल्या माझ्या सोनोग्राफीच्या खोलीत दिवसभर अंधार असतो. अंधारात माणसं मोकळी बोलतात, म्हणून किस्से साचत जातात. ते ऐकायला वरच्या मजल्यावर नाना होते. नाना म्हणजे आमचे पॅथॉलॉजिस्ट. स्तनातली गाठ मला पडद्यावर दिसायची, त्यांना काचपट्टीवर तिच्या पेशी.

आमचा एक नियम होता. रिपोर्ट तयार असला तरी नाना आधी माझा अंदाज वदवून घ्यायचे. बरोबर आला तर भरीत-भाकरी त्यांच्या घरी, चुकला तर माझ्या!

*

साक्रीची एक मुलगी, सोबत वडील. मी समजावलं, "आबा, साधी गाठ बहुधा आडवी असते, कडा गुळगुळीत. वाईट गाठ उभी वाढते. हिची आडवी आहे."

आबांनी मान डोलावली. "आडवी शे ना? मंग झोपू द्या तिले!"

मी साधीच म्हणाले होते, साधीच निघाली. नानांनी भरीत केलं, पण मिरच्या सूड उगवल्यासारख्या घातल्या.

*

पारोळ्याची बाळंतीण. गाठ आडवी, गुळगुळीत. "फायब्रोअ‍ॅडेनोमा, साधी घट्ट गाठ," मी ऐटीत सांगितलं. नानांनी सुई घातली तर सिरिंजमध्ये दूध आलं आणि गाठ गायब!

सासू वाकून बघत म्हणाली, "हाऊ ते पोऱ्याना वाटा शे!"

बाळाचा वाटा बाळाला, भरीत माझ्याकडे.

*

एकदा पडद्यावर नुसता काळा गोल, म्हणजे आत पाणी. जिंकल्याच्या आनंदात मी जिना चढून गेले. नाना म्हणाले, "पाण्याला भरीत नाही, चहा."

*

नाना आता मुलाकडे नाशिकला असतात. रिपोर्ट मोबाइलवर येतात, अगदी वेळेवर. माझा अंदाज कुणी विचारत नाही. अवघड गाठ दिसली की मान अजून जिन्याकडे वळते. फार आठवण येते त्यांची.

*

नाना इथे होते तेव्हा एकदा गाठ माझीच होती. मीच प्रोब धरला, मीच पाहिली. उभी होती, कडा वेड्यावाकड्या. नानांनी सुईने तुकडा काढला. रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते.

मग नाना स्वतः जिना उतरून आले. रिपोर्ट हातात, चेहरा कोरा.

"बोला, काय अंदाज?"

"नाना, आज नको."

"नियम म्हणजे नियम."

मी पडद्याकडे बघत म्हणाले, "चांगली नाहीये."

नानांनी रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला. चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"वांगी नीट भाजा," ते म्हणाले. "उद्या मी तुमच्याकडे जेवायला."