चपला पिशवीत ठेवणारी

चिखलीच्या मैदानावर रॉक संगीताचा कार्यक्रम होता, नात मला घेऊन गेली. गर्दीतली पोरं इतकी गुणाची की एकानं लगेच खुर्ची आणली. "बसा आजी," म्हणाला. बसले.

शेजारच्या खुर्चीवर माझ्याच वयाची एक अनोळखी बाई होती. ड्रम वाजायला लागले तशी ती उठली. तिनं चपला काढून पिशवीत ठेवल्या, पिशवी खांद्याला अडकवली आणि एका हातानं डोक्यावरचा पदर धरून नाचायला लागली. तिला धक्का लागू नये म्हणून पोरांनी भोवती रिंगण केलं. तिला रिंगण अन् मला खुर्ची. माझा नुसता जळफळाट झाला.

तरुणपणी वरात चौकात थांबली की बायका नाचायच्या. मी मात्र डोक्यावर भरला हंडा असल्यासारखी ताठ उभी. नाचणारीला नावं ठेवायची, अन् पातळाखाली अंगठ्यानं ताल धरायची. मोठी खानदानी.

गाणं संपलं, ती घाम पुसत आली. मी टोमणा मारला, "गुडघे नाही दुखत वाटते तुमचे?"

"दुखतात ना माय. घरी बसूनही दुखतातच, मंग इथं दुखू द्या."

पुढचं गाणं सुरू झालं. "येता काय?" असं तिनं विचारलंही नाही. त्याचाही राग आला. मी चपला काढल्या. माझ्याजवळ पिशवी नव्हती, म्हणून तिच्याच पिशवीत कोंबल्या. आता ती जाईल तिथं मला जाणं भागच होतं.