मामाजींचा डबा सापडेना

नांदुऱ्याच्या रस्त्यावरच्या कोल्ड स्टोअरमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळते. तिथे मालकांनी प्रत्येक खोक्याला टॅग लावायचं खूळ घेतलं. टॅग म्हणजे पातळ चिठ्ठी, आत तारेची बारीक नक्षी. दारावर आणि रॅकच्या गल्ल्यांत बसवलेले अँटेना तिला लांबूनच हाक मारतात, ती ओ देते, आणि मटार, मका, सीताफळाचा गर नेमका कुठे आहे ते माझ्या पडद्यावर उमटतं. मालकांना याचं इतकं कौतुक, की आल्या पाहुण्याला चहाच्या आधी पडदा दाखवायचे.

उन्हाळ्यात मी त्यांना एक घरचा डबा ठेवू का विचारलं. डब्यात आमच्या वावराच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गावरान आंब्याचा रस होता. मामाजी, म्हणजे माझे सासरे, रसाचे भारी शौकीन. त्यांना जाऊन वर्ष उलटलं होतं, आणि पितृपक्षात त्यांच्या तिथीला पानावर त्याच झाडाचा रस वाढायचा, असं सासूबाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. दुकानातला रस आणू म्हटलं तर म्हणाल्या, "जितेपणी त्यायनं त्याले हात नाही लावला, आता काय लावतीन?" घरच्या फ्रीजचं म्हणाल तर आमच्याकडच्या लाइटीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

रस भरला तोही मामाजी वावरात भाकर न्यायचे त्या स्टीलच्या डब्यात. त्या डब्यावरून नवराबायकोची रोज जुंपायची. भाकर खाऊन झाली की मामाजी डबा धुऊनपुसून त्यात मोबाइल ठेवत आणि झाकण घट्ट लावत. माती नको, उंदीर नको. इकडून सासूबाई फोन लावत आणि पलीकडून ती बाई सांगे, संपर्क होऊ शकत नाही. संध्याकाळी मामाजी दारात आले की सुरू.

"फोन काऊन बंद ठेवता?"

"चालूच होता न."

"माह्याशी बोलाचा कटाळा येते म्हणून बंद करता. मले समजत नाही काय?"

मामाजी नुसते हसायचे, आणि त्या हसण्याने सासूबाईंचा संशय आणखी पक्का व्हायचा. ते गेले तरी हा सल गेला नाही. भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायच्या, "मुद्दामच बंद करत वो ते." मला फार वाईट वाटायचं.

मालकांनी डबा ठेवू दिला, पण टॅग लावूनच. कॉम्प्युटरच्या यादीत आमरस नव्हता, म्हणून मी त्याला सीताफळाचा गर करून टाकलं आणि टॅग डब्याला चिकटवला. दुसऱ्याच दिवशी पडद्यावर लाल ओळ: माल सापडत नाही. डबा तर रॅकवर ऐटीत बसलेला. टॅग बदलला, तरी तेच. ती लाल ओळ मग रोजचीच झाली. लोडिंगवरच्या बाया जाड कोट चढवता चढवता विचारायच्या, "मॅडम, सासरे सापडले काय?" मी म्हणायची, "नाही, वावरात गेले."

तिथीच्या आदल्या दिवशी डबा घ्यायला गेले तर जागा रिकामी. नवा मका आला म्हणून सगळी मांडणी हलवली होती, आणि डबा कोणी कुठे सरकवला ते कोणालाच आठवेना. पडदा आपला म्हणतोय, माल सापडत नाही. आता मात्र माझं हसू पळालं. घरी वड्यांची डाळ भिजत पडली होती, आणि मी रसाशिवाय कोणत्या तोंडाने जाणार?

टॅग बसवून गेलेल्या इंजिनीअरला फोन लावला. त्याने आधी विचारलं, "डबा कशाचा आहे?"

"स्टीलचा."

तो हसायलाच लागला. साधा टॅग स्टीलला चिकटवला की मुका होतो, म्हणाला. स्टील लहरींना अडवतं. "रेंज कमी असेल तिथे बंद डब्यात मोबाइल ठेवून बघा. चालू असला तरी लागायचा नाही."

मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले.

मग आम्ही हातांनी शोधलं. त्या मरणाच्या थंडीत मालकसुद्धा कोट घालून खोक्यांमागे वाकून बघत होते. डबा मटाराच्या मागे निघाला, अंगावर बर्फाची साय घेऊन. त्या दिवशी आलेल्या पाहुण्याला मालकांनी आधी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी पान वाढून पत्र्यावर ठेवलं. कावळा आला, त्याने आधी वडा उचलला, पण रसही सोडला नाही. सासूबाई निवांत झाल्या तेव्हा मी त्यांना इंजिनीअरचं बोलणं सांगितलं. त्या उठल्या. डबा धुतला, पदराने कोरडा केला, स्वतःचा मोबाइल त्यात ठेवला आणि झाकण दाबून लावलं.

"लाव."

मी लावला. तीच बाई, तेच वाक्य. सासूबाईंनी माझा फोन कानाला लावून तिचं सगळं ऐकून घेतलं. "अजून एकदा लाव." पुन्हा तेच. मग त्यांनी झाकण काढलं, मोबाइल बाहेर घेतला, मी परत लावला, आणि या खेपेला तो वाजायला लागला.

सासूबाईंनी तो दोन-तीनदा वाजू दिला. मग उचलला आणि माझ्याकडे पाठ करून पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "चालूच होता तुमचा फोन. मीच उगी भांडली."

ते मला समोरूनही ऐकू आलं आणि फोनमधूनही.