डावा हात आणि एक रे

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षातला, चतुर्थीनंतरचा दुसरा रविवार. डिचोली, बाजाराच्या मागच्या आळीत टीचरचं घर.

हजर: टीचर, वय सत्तरच्या पुढे, पियानोच्या मालकीण. मी, वय तेव्हा छत्तीस, महिला भजनी मंडळाची पेटीवाली, तीन महिन्यांपासून टीचरकडे पियानो शिकणारी. माझी नणंद, त्याच मंडळाची गायिका. पियानोशी संबंध शून्य, आग्रहाने आणलेली.

त्या दिवशी माझी परीक्षा होती. टीचर लेकीकडे मुरगावला कायमच्या जाणार होत्या आणि लेकीच्या फ्लॅटमध्ये पियानो मावत नव्हता. मला तो हवा होता, इतका हवा होता की आमच्या पुढच्या खोलीची मापं मी वहीत कधीच लिहून ठेवली होती. टीचरची अट एकच: मायनर नाइन्थ, म्हणजे एकत्र दाबायचा पाच सुरांचा मेळ, वाजव, आणि तो चार मात्रा पूर्ण घुमू दे. जमलं तर पियानो माझा, नाहीतर म्हापशाच्या एका शाळेचा.

अडचण माझ्या डाव्या हाताची होती. अठरा वर्षं पेटी वाजवल्यावर उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर, अशी कायमची वाटणी झालेली. पियानोला भाता नाही, हे डाव्या हाताला कोणी सांगायचं? पट्टी दाबली की तो उठायचा आणि हवेत मागेपुढे हलू लागायचा.

"वारो कोणाक घालता गो?" टीचर विचारायच्या. "पियानोक गरम जाता?"

सूर समजायला सोपे होते. रे घ्यायचा, एक पांढरी पट्टी सोडून म, आणखी एक सोडून ध. हा साधा मायनर. तसंच एकेक पट्टी सोडत वर जायचं: सा घेतला की सेव्हन्थ, त्यापुढचा ग घेतला की नाइन्थ, प घेतला की इलेव्हन्थ. टीचर डी-एफ-ए म्हणायच्या, मी रे-म-ध. त्या कोकणी बोलायच्या, मी मराठी. त्या दिवसांत या भाषेच्या वादावरून सख्खे शेजारी एकमेकांकडे चहा घेईनासे झाले होते. आम्ही दोघी एकमेकींना न सुधारता बिस्किटं खायचो.

खरी गंमत त्यांनी नंतर दाखवली. माझ्या उजव्या हाताला म, ध, सा, ग एवढेच धरायला लावले. ऐकलं तर चक्क आनंदी! आंघोळ करून, पावडर लावून ओसरीवर बसलेल्या माणसासारखा. मग त्यांनी खाली आपलं जाड बोट रे वर ठेवलं. वरचे चारही सूर तेच, पण त्या माणसाला जणू नुकतंच वाईट पत्र आलेलं.

"दुख्ख सगळें हांगा आसा," त्या ती पट्टी ठोकत म्हणाल्या.

म्हणजे मायनरचं सगळं दुःख डाव्या हातात, आणि माझा डावा हात वारा घालायला गेलेला.

घरी पेटीवरच उपाय करून पाहिले. मनगट स्टुलाला बांधलं, तर हात पट्टीपर्यंत पोचेना. मनगटावर ओला टॉवेल ठेवला, तर पाणी टपकायला लागलं. पियानोवर हे चालणार नव्हतं. तिसरा उपाय म्हणजे नणंद. ती माझ्या डावीकडे खाली बसून अबोलीची माळ ओवणार, आणि माळेच्या दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या बांगडीला. हात उठला की तिने ओढायचं.

टीचरनी डोळे मिटले. मी वाजवलं. हात उठला, नणंदेने ओढलं. पण ती पडली भजनातली. तिला एकदाच ओढून थांबवेना. प्रत्येक मात्रेला ओढ, प्रत्येक ओढीला रे, आणि वर बांगड्यांची झांज.

टीचरनी डोळे उघडले. बांगडी पाहिली, दोरा पाहिला, माळ पाहिली.

"वयनीक दोरी बांदून नाचयता?"

"नाचवत नाही हो, बसवून ठेवतेय," नणंद म्हणाली. "तुम्हाला तीन महिन्यांत जमलं नाही, म्हणून मला यावं लागलं."

टीचर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. मग कात्री आणून त्यांनी दोरा कापला. "आतां परत वाजय."

दुसरी संधी मिळेल असं वाटलं नव्हतं. मी रे दाबला, वरचे चार दाबले, आणि डावा हात निघाला. त्याच क्षणी मी उजव्या पायाने पेडल दाबलं, पट्टी सोडली तरी सूर घुमत ठेवणारं. त्याला पाय लावायला मला बंदी होती. "पयलीं हात, मागीर पाय," असा तिथला कायदा. पण रे घुमत राहिला. एक, दोन, तीन, चार. डावा हात वर आरामात वारा घालत होता.

"हें कितें?" टीचर.

"रे आहे ना? चार मात्रा झाल्या ना? हात कुठे असावा ते तुम्ही म्हणाला नव्हतात."

"खरंच नव्हत्या म्हणाल्या," नणंदेने अबोली ओवता ओवता साक्ष दिली.

टीचरनी वाकून माझा पाय पाहिला. मग पेन्सिल घेऊन त्यांनी पियानोचं झाकण उचललं, आतल्या बाजूला काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "व्हर. पूण हें म्हाका देणें लागता तूं." म्हणजे पियानो ने, पण लिहिलंय तेवढं देणं बाकी.

पियानो आमच्या पुढच्या खोलीत आहे. झाकणाच्या आत लिहिलंय: इलेव्हन्थ, चार मात्रा, दोनूय पाय जमनीर. माझ्या वहीत सेव्हन्थवर खूण आहे, नाइन्थवरही आहे. इलेव्हन्थच्या पुढची जागा कोरी आहे. काल अडीच मात्रा झाल्या.